घागरीचं अंतर

ऑफिसातला पाण्याचा माठ मास्तर पालथा घालायचे आणि त्याच्या बुडावर खडूनं एक ठिपका काढायचे. त्या ठिपक्यातून माठाच्या पोटावर खाली उतरणारी एक रेघ, तिथून काटकोनात वळून माठाला पाव वेढा घालणारी दुसरी, आणि पुन्हा काटकोनात वळून वर ठिपक्याकडे जाणारी तिसरी. झाला त्रिकोण. मग कंपासपेटीतला कोनमापक त्या गोल पोटावर कसाबसा दाबून धरत ते आल्यागेल्याला हाक मारायचे.

"या, मोजा. नव्वद, नव्वद आन नव्वद. शाळेत तुम्हाला त्रिकोणात दोन काटकोनाएवढंच दिलं व्हतं ना? फसवलं तुम्हाला. आपल्या लातूरला तीन भेटतात."

शिपाई कावायचा. "मास्तर, माठ पाण्यासाठी अस्तो."

"पाणी कुठाय?"

या प्रश्नाला त्या साली कुणाकडेच उत्तर नव्हतं. मास्तर माठावर चौथी रेघ काढायला घ्यायचे.

मास्तर ते कधीच नव्हते. हुद्दा अनुरेखक, म्हणजे नकाशावर मेणकापड पसरायचं आणि खालच्या रेषा शाईनं वर उतरवून घ्यायच्या. पण भेटेल त्याला ते भूमिती शिकवायचे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांच्याबद्दल मी आजवर पुष्कळ बोललोय. निरोपसमारंभांत, लग्नाच्या पंगतींत, एसटीच्या प्रवासात. लोक पोट धरून हसतात. त्या सगळ्या गमतींत एक भाग मी दरवेळी गाळत आलो. तो आज सांगायचा आहे. पण बोलायला मला पहिल्यापासून वेळ लागतो, तेव्हा आधी गमतीच सांगतो. त्या खऱ्या आहेत.

जिल्हा नवा होता. जुन्या जिल्ह्याचे दोन तुकडे करून लातूरचा जिल्हा झाला आणि आमचं ऑफिस सरकीच्या एका रिकाम्या गोदामात थाटलं गेलं. फायलींना गोणपाटाचा वास यायचा. खुर्च्या-टेबलं जुन्या जिल्ह्याहून 'निघाली आहेत' असं वर्षभर ऐकत होतो. मास्तर नांदेडच्या ऑफिसातून उसने आणलेले, मी नांदेडहूनच नोकरीला आलेला, हंगामी कारकून. दोघांना मिळून एक टेबल मिळालं. समोरासमोर बसलो की गुडघे गुडघ्यांना लागायचे.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "दोन बिंदूंतलं अंतर शून्य असलं तर ते दोन नसतात, एकच असतो. आजपासून तू आन मी एकच बिंदू. डबा काय आणलास?"

असा माझा डबा रोज अर्धा जायचा. त्यांचा अर्धा मला मिळायचा हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी अशी होती की पाण्याविना ती खाणं म्हणजे शिक्षा, आणि पाणी तर नव्हतंच.

नव्या जिल्ह्याची हद्द कापडावर उतरवायचं काम त्यांचंच. ते पूर्ण झालं त्या आठवड्यात एक म्हातारे शेतकरी गोदामात आले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, माझं घर तिकडल्या जिल्ह्यात गेलं म्हणतात आन शेत हिकडं आलं. आता गोठा कुठं हाय तेवढं सांगा."

मास्तरांनी नकाशा उलगडला, भिंग घेतलं, पाच मिनिटं वाकून पाहिलं. मग भिंग खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "बाबा, तुमचा गोठा शाईत हाय."

"म्हंजी?"

"रेषेला रुंदी नसते असं पुस्तकात हाय. पण माझ्या टाकाला हाय. ही रेघ कागदावर केसाएवढी, पर जमिनीवर चाळीस पावलं भरते. तुमचा गोठा त्या चाळीस पावलात बसलाय. तो न तिकडं, न हिकडं."

म्हातारबाबांनी थोडा विचार केला. "मंग म्हशीचा सारा कुणाला द्यायचा?"

"म्हशीवर सारा नस्तो, बाबा."

"मंग झालं तर!" ते म्हणाले आणि खूश होऊन निघून गेले. पुढे कितीतरी दिवस त्या गावाहून येणारा माणूस 'शाईतल्या बाबांचा रामराम' सांगायचा.

एसटीशी मास्तरांचं हाडवैर होतं. त्यांचं गाव भोकरजवळ. नकाशात लातूर ते भोकर अशी फूटपट्टी ठेवली की रेघ एका वितीत संपायची. पण त्या रेघेवरून बस जात नव्हती; नांदेडला उतरून, तिथं दीड तास ताटकळून दुसरी गाडी धरावी लागे. "त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात," ते म्हणायचे, "हे एसटीला मान्य न्हाई. तिनं तिसरी बाजूच रद्द केली." एकदा त्यांनी डेपोत तशी लेखी तक्रार दिली, आकृतीसकट. उत्तर आलं की आपण सुचवलेल्या तिसऱ्या बाजूवर प्रवासी मिळत नाहीत. ते उत्तर त्यांनी चौकटीत बसवून टेबलावर ठेवलं. माझ्या बाजूला तोंड करून.

एका दुपारी चटणी खाता खाता ते सहज बोलून गेले, "ही वाकडी भूमिती मी दुसरीत शिकलो. बाकीच्या पोरांना गावातून शाळा दोन हाका. आमच्या वाड्यातून पण दोनच हाका, पर मधी देऊळ. देवळापुढून आम्हाला जायचं नव्हतं. मंग गावाला वळसा, मळ्याला वळसा, ओढ्यातून वर. अर्धा कोस. माझ्या बापानं पुढं धम्म घेतला, आम्ही माणसं झालो, पर शाळा तिथंच राह्यली, देऊळ बी. गुरुजी फळ्यावर लिहायचे, दोन बिंदूंतलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. मी हात वर केला. म्हणलं, गुरुजी, कुणासाठी?"

"मग?"

"मंग काय. छडी. ती मातर सरळ रेषेत आली."

ते मोठ्यांदा हसले. मीही हसलो. माझे वडील नांदेडला हायस्कूलात शिक्षक होते, शाळा आमच्या घरासमोर होती. मी शाळेत कधी उशिरा पोचलो नव्हतो. ही गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटली, म्हणून इथं गमतींतच लिहिली. तिची खरी जागा पुढं आहे.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. टँकरसाठी अर्जांचा ढीग लागला होता. नियम असा की वस्तीपासून दीड किलोमीटरच्या आत पाण्याची विहीर असली तर टँकर नाही. आमचे साहेब पुण्याकडचे, माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. ते नकाशा पुढं ओढत, वस्तीवर फूटपट्टीचं एक टोक ठेवत, विहिरीवर दुसरं, आणि म्हणत, "एक पूर्णांक दोन. नामंजूर. पुढचा."

त्या दिवशीच्या तिसऱ्या 'नामंजूर'ला मास्तर उठले. "साहेब, हे कावळ्याचं अंतर झालं."

"कावळ्याचं?"

"कावळा सरळ उडतो. बाईला उडता येत न्हाई. तिला बांध लागतो, ओढा लागतो, काटेरी कुंपण लागतं. आन पुस्तकात लिहिलंय की इथून तिथं जेवढं तेवढंच तिथून इथं. तेही खोटं. जाताना घागर रिकामी, येताना भरलेली. कावळ्याला टँकर द्यायचा असेल तर तुमची फूटपट्टी बरोबर हाय. बाईला द्यायचा असेल तर घागरीचं अंतर मोजावं लागंल."

सगळं गोदाम खुसखुसलं. साहेबही हसले, चिडले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे मास्तर. एक वस्ती घ्या. तुमच्या घागरीनं मोजा. फरक खरंच मोठा निघाला, तर मी हे सगळे अर्ज पायवाटेनं मोजायला लावतो. नाही निघाला, तर पुन्हा माझ्या फूटपट्टीचं नाव काढायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," मास्तर म्हणाले. नामंजूर ढिगात तेव्हा अकरा वस्त्या होत्या.

मोजण्याची रीत त्यांचीच. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली. सायकल ढकलत न्यायची, चिंधी वर आली की एक फेरा. दर दहा फेऱ्यांना उजव्या खिशातला ज्वारीचा एक दाणा डाव्या खिशात टाकायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. पाणी आणणाऱ्या बाईच्या मागे चालायचं. ती जाईल तिकडं चाक. ती थांबली की थांबायचं. "तिच्या पुढं जायचं न्हाई," त्यांनी मला तीनदा बजावलं. त्या दिवशी त्यांना साहेबांनी हद्दीच्या नकाशासाठी अडकवून ठेवलं होतं. म्हणून मी गेलो.

वस्ती गावाबाहेर, पंधरा-वीस घरांची. तिथल्या एक मावशी निघाल्या. पन्नाशीच्या, काटक, कमरेवर घागर. माझ्याकडं आणि सायकलीकडं आळीपाळीनं पाहिलं.

"पंचर हाय का?"

"नाही मावशी."

"मंग बसून चालव की. ढकलून का ऱ्हायलास?"

"चाकाचे फेरे मोजायचेत."

"कशापायी?"

"विहीर किती लांब आहे ते कळायला."

"आरं मग मला इचार की. लई लांब हाय. लिव्ह."

मी लिहिलं नाही. त्या पुढं, मी मागं. दोन दाणे डावीकडं गेले असतील-नसतील, तेवढ्यात वाटेला फाटा आला. उजवीकडं मळ्यातून जाणारी गाडीवाट, लिंबांची सावली असलेली. डावीकडं ओढ्याचं कोरडं पात्र, नुसते गोटे आणि ऊन. मावशी डावीकडं वळल्या.

"मावशी, ही उजवीकडची वाट विहिरीवर जात नाही का?"

"जाती की. सरळ जाती."

"मग?"

"ती आमची न्हाई, लेकरा." वाटेला किती वळणं आहेत हे सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या आणि गोट्यांवरून चालू लागल्या.

ऊन डोक्यावर होतं. सायकल गोट्यांवरून ढकलायची म्हणजे हाताचे तुकडे. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी इकडून येतो. विहिरीवर भेटू."

एवढंच झालं. यात मोठा विचार नव्हता, कुणाचा द्वेष नव्हता. ऊन लागत होतं आणि सावली उजवीकडं होती.

मळ्याच्या मालकानं अडवलं. कुठले, कुणाचे, आडनाव काय? मी आडनाव सांगितलं. त्यांनी बाज टाकली, ताक मागवलं. दुष्काळात ताक! मी दोन पेले प्यालो. बोलता बोलता ते म्हणाले, "त्या लोकांना वढ्याचीच सवय हाय." मी मान हलवली. ती मान हलवणं मला ताकापेक्षा जास्त आठवतं.

विहिरीवर पोचलो तेव्हा डाव्या खिशात सदुसष्ट दाणे होते. मावशी फार उशिरा आल्या. मी मधे एक डुलकीही काढली.

"आलास व्हय माझ्या आदी?" घाम पुसत त्या म्हणाल्या. घागर भरली, चुंबळ ठेवली, डोक्यावर घेतली. "चल, आता परतीचं तरी माझ्यासंगं मोज."

मी म्हणालो, "परतीचं मोजावं लागत नाही, मावशी. अंतर दोन्हीकडून सारखंच असतं."

त्या इतक्या हसल्या की घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यावर आलं. "हे कुणी शिकविलं रं तुला?"

मास्तरांनी तर नेमकं याच्या उलट शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून मी दाणे मास्तरांपुढं ठेवले. त्यांनी ते तीनदा मोजले. मग एका चिटोऱ्यावर गुणाकार केला. एक पूर्णांक चार किलोमीटर.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाई कुठं वळली न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

हेच ते, जे मी गाळत आलो. उन्हाला भिऊन सावलीतून गेलो, तिथवर माफ करता येईल. पण टेबलापलीकडून, गुडघ्याला गुडघा लागलेला असताना त्यांनी सरळ विचारलं, आणि मी 'नाही' म्हणालो.

साहेब खदखदून हसले. "मास्तर, तुमची घागर आणि माझी फूटपट्टी सख्ख्या बहिणी निघाल्या की!" मास्तरांनी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं चुकलं," आणि बसले. अकरा अर्जांवर शिक्के बसले.

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे ऑफिसची करमणूक. आपलं काय चुकलं ते मास्तर शोधत होते. माझं चाक त्यांनी दोरीनं मोजलं, टेपनं मोजलं. उन्हात चाक फुगतं का ते पाहायला सायकल दुपारभर अंगणात पालथी ठेवली आणि दर तासाला जाऊन मोजली. शिपाई म्हणाला, "मास्तर, चाकाला ताप आलाय का?" ते म्हणाले, "न्हाई, पर नाडी बघून ऱ्हायलो." चिंधी ओली झाली तर जड होते का, ज्वारीचे दोन दाणे चिकटून एक होतात का, सगळं तपासलं. चाकावर संशय घेतला, दाण्यांवर घेतला, स्वतःच्या गुणाकारावर घेतला. समोर बसलेल्यावर घेतला नाही. डबा रोज अर्धा अर्धा चालू होता.

त्याच दिवसांत आठवडी बाजारात मावशी भेटल्या. मला लांबून ओळखलं. "ओ चाकवाले! किती भरलं आमचं?"

"चाललंय, मावशी. काम चालू आहे."

"भरव बाबा लवकर. आमी हावोत तवर भरव." आणि हसून पुढं गेल्या.

मग एक दिवस मास्तर रजेवर. दुसऱ्या दिवशी आले ते तोंड करपलेलं आणि मान एका बाजूला वळेना. शिपायानं विचारलं, "मास्तर, मानेला काय झालं?" ते म्हणाले, "लचकली." डबा उघडला, अर्धा माझ्याकडं सरकवला. नेहमीपेक्षा एक शब्दही कमी-जास्त बोलले नाहीत. दुपारी त्यांनी साहेबांकडं एक टिपणी ठेवली, आणि साहेबांनी ती सगळ्या गोदामाला वाचून दाखवली.

"सदर प्रकरणी चाकाचे फेरे तेराशे चाळीस असून ते आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने अचूक मोजले आहेत. तथापि परीघ काढताना माझ्याकडून व्यासाऐवजी त्रिज्या धरली गेल्याने अंतर निम्मे आले. खरे अंतर दोन पूर्णांक आठ किलोमीटर आहे. तरी सदर वस्तीस टँकर मंजूर व्हावा. चुकीबद्दल दिलगीर आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मास्तर! व्यास आणि त्रिज्या? अहो, सातवीतला पोरगा करत नाही ही चूक!"

गोदाम फुटलं. लोक टेबलांवर डोकी आपटून हसले. मास्तर वाकड्या मानेनं उभे होते आणि तेही हसत होते. मी सहाशे सत्तर फेरे आणले होते. सहाशे सत्तरची दुप्पट तेराशे चाळीस. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांतला एक मी होतो. तेव्हा उठून एक वाक्य बोलायला हवं होतं. मी पण हसलो. सगळे हसत असताना न हसणारा एकटा दिसतो, म्हणून.

वस्तीला त्याच आठवड्यात टँकर मिळाला. पण बाकीचे दहा अर्ज साहेबांनी पुन्हा उघडले नाहीत. "त्रिज्येच्या भरवशावर सरकार चालत नाही," ते म्हणाले. महिन्याभरात मास्तरांना नांदेडकडं परत धाडलं, हदगावच्या ऑफिसात. जायच्या दिवशीही कुणीतरी विचारलंच, "मास्तर, व्यास मोठा का त्रिज्या?" त्यांनी कंपासपेटी पिशवीत टाकली, एसटीचं चौकटीतलं पत्र मला दिलं आणि म्हणाले, "टेबल आता सगळं तुझं." नवं फर्निचर पुढच्याच आठवड्यात आलं.

मी कायम झालो, अव्वल कारकून झालो. केस पिकले. 'त्रिज्या मास्तर' हा किस्सा नव्या लोकांना सांगणारा ऑफिसातला मुख्य माणूस मीच होतो. हेही खरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात भोकरला गेलो. नांदेडला दीड तास ताटकळलो; तिसरी बाजू अजून सुरू झालेली नाही. मास्तर अंगणात बसले होते, शेजारी माठ पालथा. मला पाहून म्हणाले, "ये. डबा आणलास का?"

चहा झाला. मग मी एका दमात सांगून टाकलं, "मास्तर, मी त्या दिवशी मळ्यातून गेलो होतो."

"हाव."

"तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या मानेला अजून माहीत हाय." त्यांनी ती वळवून दाखवली. एका बाजूला वळत नव्हती. "बाईनं सांगितलं, तुमचा चाकवाला वाऱ्यावानी गेला. मंग मी तिच्यामागं गेलो, चाक आन घागर घेऊन. फेरे भरले तेराशे चाळीस, तुझ्या बरोब्बर दुप्पट. चार ठिकाणी थांबलो. ती न्हाई थांबली."

"माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू हंगामी व्हतास. आन तू खोटे फेरे आणले असं लिहिलं असतं, तर साहेबानं चौकशी लावली असती. चौकशीत उन्हाळा गेला असता. माझ्या चुकीला चौकशी लागत नव्हती. एका वाक्यात झालं."

मला बरं वाटायला लागलं होतं. ते त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांचा आवाज बदलला.

"लई चिडलो व्हतो मी तुझ्यावर. दोन साल चिडलेला व्हतो. मी येडा ठरलो त्याचं काय न्हाई, पर त्या दहा वस्त्या गेल्या. त्याचं काय करतोस?"

मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

"ते पाकीट मी ठिवलं व्हतं," ते म्हणाले. "सदुसष्ट दाणे. किडे लागून त्याचं पीठ झालं. पुरावा म्हणून काय राह्यलं न्हाई." मग माझ्याकडं रोखून पाहिलं. "मोजून आलास का?"

"काय?"

"वढ्याची वाट."

"नाही."

"मंग माफी कशाची मागून ऱ्हायलास? काम अर्धंच झालंय तुझं. जा, मोज, आन कळव."

मी गेलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं, शेजाऱ्याच्या मुलीची सायकल, चाकाला लाल चिंधी, खिशात ज्वारी. वस्तीत आता नळ आहे. मावशी वारल्या. त्यांची सून ओट्यावर निवडण करत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, सायकलीकडं पाहिलं.

"पंचर हाय का, काका?"

वाट तिनंच हात करून दाखवली. ओढ्यात बाभळी माजल्यात. तीन ठिकाणी सायकल उचलून घ्यावी लागली. मळ्यातल्या गाडीवाटेचा डांबरी रस्ता झालाय, त्यावरून गाड्या सरळ जात होत्या. विहिरीत पाणी होतं, कुणी भरत नव्हतं. डाव्या खिशातले दाणे मोजून मी तिथंच पोस्टकार्ड लिहिलं: फेरे तेराशे एकतीस.

आठ दिवसांत उत्तर आलं. अक्षर अजून अनुरेखकाचंच, एकेक वळण शाईनं उतरवलेलं.

"तेराशे एकतीस मिळाले. नऊ कमी आहेत. वळणे कापलीस. शिवाय घागरीचा उल्लेख नाही. रिकाम्या हाताने गेलेला दिसतोस. परतीचे मोजलेले नाही. पुन्हा मोज."

वळणं मी कापली होती. दोन ठिकाणी. कुणी पाहिलं नव्हतं.

काल बाजारात गेलो. दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या घागरी टांगलेल्या होत्या, हलक्या, बोटावर उचलतील अशा. 'प्लास्टिकची चालेल का?' असं विचारणारं कार्ड मी तिथं उभ्या उभ्या मनात लिहूनही काढलं. मग आत गेलो आणि पितळेची मागितली.

"लग्नात द्यायची का?" दुकानदार म्हणाला.

"नाही. वापरायची आहे."

ती स्वयंपाकघरात ठेवली आहे. रात्री नळाखाली भरून पाहिली. दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवेस्तोवर धाप लागली. रविवारी जाणार आहे. चुंबळ कशी वळतात ते बायको उद्या शिकवणार आहे.